खारीचा नेम आणि उतारावरचा गुलाब

मुलांनो, एका जंगलाच्या कडेला, ओढ्याकडे उतरणाऱ्या टेकाडावर, एक खार आणि तिची सासू अशा दोघीजणी राहत असत. आंब्याच्या ढोलीत त्यांचं घर होतं. घरापुढे छोटंसं अंगण, आणि अंगण संपलं की लगेच उतार. खार मोठी श्रद्धाळू. सोमवार, एकादशी, संकष्टी, एकही उपास ती चुकवत नसे.

त्या वर्षी वैशाखात सासूबाई फांदीवरून पडल्या आणि त्यांचा मागचा पाय मोडला. खारीने ओढ्याकाठच्या देवळीतल्या देवाला हात जोडले. म्हणाली, "देवा, आमच्या आई पुन्हा चालू लागल्या, तर चातुर्मासभर रोज सकाळी एक गुलाब तुला वाहीन. तोही माझ्या अंगणातला, कुणाकडून मागून आणलेला नाही." आषाढ लागेपर्यंत सासूबाई ढोलीच्या दारापर्यंत हळूहळू येऊ लागल्या. देवाने आपलं काम केलं. आता खारीची पाळी होती.

अंगणात तिने हौसेने पाच कलमी गुलाब लावलेले होते. ताठ मानेचे, मोठाल्या लाल फुलांचे. पण त्यांचे लाड काही थोडे नव्हते हं! पाऊस लागून राहिला की आळ्यात पाणी साचे, ते फोडून द्यायचं. उघडीप पडली की पुन्हा बांधायचं. रोज खुरपायचं, गवताची काडी म्हणून राहू द्यायची नाही. सुकलेली फुलं कापायची, कळ्यांवरची माव्याची कीड पुसायची. सासूबाई दारातून हाक मारत, "सूनबाई, दोन घटका माझ्याजवळ बस गं. दिवसभर तोंड मिटून बसते मी." खार मातीने भरलेले हात दाखवून म्हणे, "आले हं आई, एवढं आळं झालं की आलेच." आळं होई, मग दुसरं आळं असे. सासूबाईंचा डोळा लागून जाई.

उतारावर आणखी एक गुलाब होता. तीन वर्षांपूर्वी पावसाने तिथली माती ओढ्यात वाहून जाऊ लागली, तेव्हा सासूबाईंनी तो लावला होता. जमिनीवर पसरणारा गुलाब तो. उंची वीतभर, पण चहूबाजूंनी हात पसरून त्याने सगळा उतार कवेत घेतला होता आणि अंगणाच्या कडेवरही तो चढून आला होता. त्याची पानं अशी दाट की खालची माती दिसत नसे, आणि माती दिसत नाही तिथे गवताला तरी जागा कुठली? इवल्या इवल्या गुलाबी फुलांचे घोस त्याच्यावर एकामागून एक येत राहत. जुनी फुलं आपली आपण गळत, नवी उमलत. त्याला कुणी पाणी घालत नव्हतं, कुणी खुरपत नव्हतं, कुणी त्याच्याकडे वळून बघतही नव्हतं.

शेजारच्या झाडावरची साळुंकी मात्र बघायची आणि बोलायची. तिला बोलल्याशिवाय अन्न पचत नसे. "अगं खारूताई, हा कसला गुलाब? सकाळ झाली तरी अंथरुणातून न उठणाऱ्या आळशासारखा लोळतोय नुसता!"

खार हसून म्हणे, "आईंनी माती धरायला लावलाय तो. देवाच्या कामाचा नाही. खाली पडलेलं फूल देवाला चालत नाही, हा तर जन्मापासूनच खाली."

आषाढ गेला, श्रावण गेला. रोज पहाटे खार एक लाल फूल खुडी, त्याच्यावर उडालेला चिखल ओढ्यावर धुऊन टाकी आणि देवाला वाही. भाद्रपदात कलमी गुलाबांच्या पानांवर काळे ठिपके पडले. ठिपक्यांची पानं पिवळी झाली आणि गळाली. खारीने आणखी खुरपलं, आणखी आळी बांधली. आश्विन उजाडला तेव्हा पाच झाडांच्या नुसत्या काटक्या उरल्या होत्या, आणि एका काटकीवर एकच कळी. शेवटचं उमललेलं फूल त्या सकाळी वाहून झालं होतं, म्हणून खार दिवसभर त्या कळीपाशी राखण करत बसली. जेवायलाही उठली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर काय, कळीला आतून अळीने पोखरलेलं, आणि कळी देठापासून तुटून चिखलात पडलेली!

खार तिथेच मटकन बसली. "आता माझा नेम मोडणार," ती रडत म्हणाली. "आणि नेम मोडला, आणि आईंचा पाय पुन्हा दुखावला, तर? मी कुणाला तोंड दाखवू?"

साळुंकी खाली उतरली. तिच्या जिभेला धार होती, पण मनाने ती वाईट नव्हती. "रडू नकोस गं. कळी उचल, धुऊन टाक आणि वाहून ये गुपचूप. कोण बघतंय?"

"देव बघतोय ना!"

"मग माझ्या झाडाखालचं जास्वंद घेऊन जा."

"गुलाब बोललेय मी. आणि माझ्या अंगणातला बोललेय."

"बोलताना जरा बेतानं बोलावं माणसानं!" साळुंकी चिडून म्हणाली, पण तिचेही डोळे भरून आले होते.

हे सगळं सासूबाई दारातून ऐकत होत्या. खोडाला धरून हळूच खाली उतरल्या. अंगण ओलांडलं, उताराच्या कडेपर्यंत आल्या आणि त्यांनी हाक मारली, "सूनबाई, इकडे ये."

खार धावत गेली. "आई, अहो, पडाल! तुम्ही इतक्या लांब आलात?"

"आले खरी. हे बघ." सासूबाईंनी अंगणात शिरलेल्या पसरत्या गुलाबाचा एक घोस पंजावर अलगद उचलला. रात्रभर पाऊस कोसळला होता. अंगणातल्या काटक्या चिखलाने बरबटल्या होत्या, पण या फुलांवर मातीचा एक ठिपका नव्हता. नुसते पाण्याचे थेंब.

खारीने फूल उलटसुलट करून पाहिलं. "हे धुतलंत तुम्ही?"

"मी कशाला धुऊ? उघड्या मातीवर थेंब आपटला की चिखल उडतो. तू रोज खुरपून माती उघडी केलीस, तोच चिखल तुझ्या पानांना लागत गेला आणि रोगही त्यातूनच चढला. याने आपली माती आपल्या पानांनी झाकून घेतलीय. चिखल उडणार कुठून?"

"पण आई, हा जमिनीवरचा..."

"पडलेलं फूल देवाला चालत नाही, हे मीच तुला शिकवलंय. पडलं म्हणजे देठ सोडून पडलं. हे बघ, अजून देठावर आहे, जितं आहे. फांद्या जमिनीवर असतील त्याच्या, फुलाचं तोंड कुठे आहे ते बघ की."

खारीने वाकून पाहिलं. उतारभर शेकडो फुलं होती, आणि एकूण एक फुलाचं तोंड वर, आभाळाकडे होतं. तिला गलबलून आलं. इतके दिवस ती याच्या वरून ओढ्यावर जात होती, फूल धुवायला! तिने आधी गुलाबालाच नमस्कार केला. मग एक फूल खुडलं आणि सासूबाईंना म्हणाली, "चला, दोघी मिळून वाहू." सासूबाई आपल्या बऱ्या झालेल्या पायाने, सुनेच्या खांद्यावर हात ठेवून, देवळीपर्यंत चालत गेल्या. त्या दिवशी देवाला फूल वाहताना खारीला जेवढा आनंद झाला, तेवढा आधीच्या एकाही फुलाने दिला नव्हता.

त्यानंतर नेम एकही दिवस चुकला नाही. आळी बांधायची नव्हती, म्हणून दुपार मोकळी मिळू लागली, आणि ती दुपार सासूबाईंच्या गप्पांना पुरेना! कार्तिकी एकादशीनंतर खारीने उद्यापन केलं. वाण म्हणून काय द्यावं, याचा तिला प्रश्नच पडला नाही. पसरत्या गुलाबाची फांदी जिथे मातीला टेकते तिथे तिला मुळं फुटतात. अशा रुजलेल्या फांद्या मातीसकट काढून तिने शेजारणींना दिल्या. पहिली दिली साळुंकीला.

साळुंकीने ती चोचीत घेतली, मग खाली ठेवून हळूच विचारलं, "याचं रोज काय काय करावं लागेल गं?"

"ऊन असेल तिथे लाव. पहिलं वर्ष पाण्याला विसरू नकोस, मुळांशी पाचोळा असू दे. वर्षातून एकदा वाळकी फांदी काढ."

"आणि रोज?"

"रोज सवड मिळेल तेव्हा त्याच्याजवळ बस," खार म्हणाली.

तात्पर्य : कष्ट करावेत, पण ज्यासाठी फार कष्ट पडले तेच देवाला आवडतं असं समजू नये, कौतुकाची वाट न बघता दाराशी फुलणारंही त्याचंच देणं असतं.