खिंडीवरचा सरडा

त्या राज्यात चारा एका बाजूला होता आणि पाणी दुसऱ्या बाजूला. मधे एक अरुंद, वळणाची खिंड. तिच्या तोंडाशी उभं असलेलं उंच झाड खैराचं होतं की बाभळीचं, हे हरिणीला पुढे कधीच खात्रीने आठवलं नाही. त्याच्या शेंड्यावर सरडा असायचा, एवढं मात्र पक्कं.

सरड्याचा एक डोळा वाटेच्या या टोकाकडे असे, दुसरा वळणापलीकडे. सरडा हिरवा असला की धावायचं, पिवळा झाला की चालायचं, असा नेम होता. पण खिंडीत शिरलेल्याला समोर मोकळी वाट दिसे आणि मग नेम कोण पाळतो? "ज्याला स्वतःला धड चालता येत नाही, तो आपल्याला चाल शिकवणार!" असं म्हणत कळप सुसाट सुटत. दर उन्हाळ्यात वळणावर चेंगराचेंगरी होई. हरिणीचं पहिलं पाडस तिथेच गेलं होतं.

त्या दुपारी दुसरं पाडस तिला बिलगून चालत होतं. पुढचा कळप धुरळा उडवत वळणाआड गेला आणि सरडा पिवळा पडला. हरिणीने धाव आवरली. तिच्या मागे सगळेच अडकले.

"अहो मावशी, वरात निघालीये का?" रानडुक्कर खेकसलं.

"पिवळा आहे तो."

"कावीळ झाली असेल त्याला! समोर बघा ना, चिटपाखरू नाही."

समोर खरंच कुणी नव्हतं. हे शहाणपण की नुसता भित्रेपणा, तिला ठरवता येईना. मान खाली घालून, शिव्या ऐकत, ती पाडसाच्या पावलाने चालत राहिली. वळण आलं, गेलं. तिथे काहीच नव्हतं.

"बघितलंत? उगाच!" डुक्कर म्हणालं आणि तिला ढकलून पाण्यात शिरलं.

पाडस पोटभर पाणी प्यायलं. हरिणीचा जीव भांड्यात पडला. पण इतक्या जणांना आपण विनाकारण खोळंबवलं, ही टोचणी काही गेली नाही.

बऱ्याच वर्षांनी पाणवठ्यावर तिला एक लंगडी रानम्हैस भेटली. पायाला काय झालं, असं हरिणीने सहज विचारलं.

"खिंडीच्या वळणावर पडले होते गं, आमच्याच कळपाच्या रेट्यात. सगळे मला ओलांडून पळाले. वाटलं, आता मागचे तुडवणार. पण कितीतरी वेळ कुणी आलंच नाही. कशीबशी उठले, कडेच्या कपारीत शिरले. तिथून पाहिलं, तर एक हरिणी पाडसाला घेऊन सावकाश येत होती, आणि तिच्या मागची अख्खी रांग तिला शिव्या घालत होती."