झुंबरने कान धरला

नगरकडच्या एका गावात झुंबर नावाचा एक भोळा गडी राहत होता. सांगाल ते काम करायचा. सांगाल तेवढंच करायचा आणि सांगाल तस्संच करायचा. घोटाळा तिथेच व्हायचा.

त्याच्या काकांनी, अंकुशरावांनी, हायवेला मंगल कार्यालय बांधलं. काकांची मुलगी प्रणोती पुण्यात संगणकाचं शिकलेली. तिने कार्यालयासाठी एक वेब ॲप बनवलं. दिवे, नळ, पंखे, सगळं त्या एकाच ॲपवर. काही काचेवर बोट ठेवून चालायचं, काही हात पुढे करून, काही नुसतं तोंडाने सांगून.

"माणसाला जसं जमेल तसं यंत्राने समजून घ्यायचं," प्रणोती म्हणायची.

"आणि मी कसं समजून घ्यायचं?" झुंबरने विचारलं.

"दादा, तू फक्त सांगितलेलं कर."

कार्यालयातलं पहिलंच लग्न प्रणोतीचं ठरलं. काकांनी झुंबरला कामाला ठेवलं. लग्नाच्या सकाळी प्रणोतीने त्याला भिंतीवरची काच दाखवली.

"हिच्यावर बोट ठेवायचं. म्हणजे चालू होतं."

झुंबरने बोट ठेवलं. मांडव झगमगला. झुंबर खूश झाला.

थोड्या वेळाने वऱ्हाड आलं. हात धुवायच्या नळाला पाणी येईना. झुंबर धावला. त्याने नळाला बोट लावलं. वरून लावलं, बाजूने लावलं, मग तोटीत घातलं. ते तिथेच अडकलं. मागे वऱ्हाडाची रांग लागली.

प्रणोती मुंडावळ्या सावरत आली. तिने साबण लावून बोट सोडवलं.

"अरे दादा, याला बोट नसतं लावायचं. समोर ओंजळ धरायची आणि मुकाट उभं राहायचं. आपोआप होतं."

"असं आधी सांगायचं!" झुंबर म्हणाला.

तो स्वयंपाकघरात गेला. मोठ्या पातेल्यात बासुंदी आटत होती. आचारी म्हणाला, "मी केळीची पानं घेऊन येतो. दूध वर आलं की शेगडी बंद करा."

दूध वर आलं. झुंबरने शेगडीसमोर ओंजळ धरली आणि मुकाट उभा राहिला. दूध आणखी वर आलं. झुंबर आणखी मुकाट उभा राहिला. आचारी परतला तेव्हा बासुंदी जमिनीवर होती आणि झुंबर ओंजळ धरूनच होता.

"आपोआप होईल," त्याने आचाऱ्याला धीर दिला.

आचाऱ्याने कपाळावर हात मारला. "अहो, ही शेगडी जुनी आहे! तिचा कान पिळायचा. असा, उजवीकडे. कितीही भडकलेली असली तरी गप्प होते."

"उजवीकडे," झुंबरने घोकलं.

इकडे नवऱ्या मुलाचे वडील, दामोदरराव, घामाने भिजले होते. ते पंख्यांवर ओरडत होते, "जोरात फिरा! अरे, जोरात!" पण पंख्यांना फक्त काकांचा आवाज शिकवलेला. ते ढिम्म. तेवढ्यात बासुंदी गेल्याची बातमी आली. दामोदररावांनी फेटा काढून खुर्चीवर आपटला.

"हा अपमान आहे! चल शिवतेज, ऊठ. परत जायचं!"

नवरा मुलगा शिवतेज पाटावरून अर्धा उठला. अर्धा बसून राहिला. प्रणोतीच्या डोळ्यांत पाणी आलं. काका घाबरेघुबरे झाले. त्यांनी समोर दिसला त्याला, म्हणजे झुंबरला, हाताला धरून म्हटलं, "व्याही भडकलेत रे! कसंही करून त्यांना गप्प कर!"

झुंबर शांतपणे गेला. त्याने दामोदररावांचा कान धरला आणि उजवीकडे पिळला.

दामोदरराव गप्प झाले. सगळा मांडवच गप्प झाला. वाजंत्रीवाल्याची सनई तोंडातच राहिली.

मग नवऱ्याकडच्या मंजुळाआत्या खो खो हसत सुटल्या. "अगं बाई! कानपिळी नवऱ्याची करायची असते, नवऱ्याच्या बापाची नाही!"

मांडव हसला. हसता हसता दामोदररावही हसले. त्यांनी कान चोळत फेटा डोक्यावर ठेवला. लग्न वाचलं.

काकांनी झुंबरला बाजूला घेतलं. "आता नवरीचा भाऊ म्हणून शिवतेजरावांचा कान तूच पिळायचा आहेस. मी 'सोड' म्हणेपर्यंत सोडायचा नाही. आणि दुसऱ्या कुणाचं ऐकू नकोस. ते पंखे बघ, फक्त माझा आवाज ऐकतात. तसा वाग."

अक्षता पडल्या. कानपिळीची वेळ आली. झुंबरने शिवतेजचा कान धरला. शिवतेजने त्याला अंगठी दिली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. काका आहेर बघायला निघून गेले.

"सोडा आता, मेव्हणे," शिवतेज म्हणाला.

"तुमचा आवाज काकांचा नाही."

गुरुजी म्हणाले, "सोडा." आत्या म्हणाल्या, "सोड रे." प्रणोती म्हणाली, "दादा, सोड ना!" झुंबर पंख्यासारखा ढिम्म. शिवतेज तसाच जेवला. सगळ्या फोटोंत नवऱ्याच्या कानाला एक हात आहे.

शेवटी कुणीतरी काकांना बोलावून आणलं. पण मुलीची पाठवणी जवळ आली म्हणून काका इतके रडले होते की त्यांचा घसाच बसला होता.

"फोड," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. निदान ऐकू तसं आलं.

"हे काका दिसतात," झुंबर म्हणाला, "पण आवाज त्यांचा नाही."

वरात निघाली. गाडीत मध्ये शिवतेज, एका बाजूला प्रणोती, दुसऱ्या बाजूला झुंबर. प्रणोती हसून हसून वाकली होती. शिवतेजचा कान डाळिंबासारखा लाल झाला होता.

नवऱ्याच्या दारात गाडी थांबली तेव्हा झुंबरचा फोन वाजला. काकांनी मिठाच्या गुळण्या केल्या होत्या. आवाज खणखणीत झाला होता.

"सोड!"

झुंबरने लगेच कान सोडला. "आता काय करू, काका?"

"आता काही करू नकोस, बाबा! त्यांच्या घरचे सांगतील ते मुकाट्याने कर!" काकांनी फोन ठेवला.

झुंबर आणि शिवतेज उतरून दाराशी गेले; प्रणोती मागे गाडीपाशी शालू सावरत राहिली. दारात शिवतेजची आजी तांदळाचं माप मांडून उभी होती. चष्मा घरातच राहिला होता. नवऱ्याला खेटून कोणीतरी उभं आहे एवढं तिला दिसलं. तिने आरती ओवाळली.

"लाजू नकोस. नाव घे."

"झुंबर."

"तुझं नव्हे गं! नवऱ्याचं!"

"शिवतेज."

"शहाणी माझी बाय! आता उजवा पाय टाक, माप लवंडून आत ये. आजपासून हे घर तुझं."

झुंबरने उजव्या पायाने माप लवंडलं. तांदूळ ओसरीभर पसरले. तो घरात गेला, खुंटीवर टोपी अडकवली आणि आतून हाक मारली, "प्रणोती, तूही ये गं. घर आपलंच आहे!"