कड्यावरच्या झाडाची साल

फार फार वर्षांमागे, जेव्हा राजे प्रजेच्या देखत न्याय करीत आणि वैद्य पायी गावोगाव फिरत, त्या काळात घडलेली ही गोष्ट आहे. लहानांनी ती ऐकावी आणि मोठ्यांनी ध्यानात ठेवावी.

एका डोंगराळ राज्यात विश्वंभर नावाचे राजवैद्य होते. दर उन्हाळ्यात नदी आटायची, लोक डबक्यांचं पाणी प्यायचे आणि हगवणीची साथ यायची. दोन दिवसांत धडधाकट माणसाचं चिपाड व्हायचं. मग त्याला झोळीत घालून विश्वंभरांच्या आश्रमात आणत. तिथे त्याला पेज मिळे आणि रक्तसालीचा काढा मिळे. तो काढा विश्वंभरांच्या आजोबांनी शोधून काढला होता. त्याच्यामुळेच घराण्याला राजवैद्याची पगडी मिळाली होती.

रक्तसालीचं झाड फक्त एका उभ्या कड्यावर उगवायचं. सोमा आणि त्याचे दोन भाऊ दोराला लटकून ती साल काढायचे. एका उन्हाळ्यात दोर कातळाला घासून तुटला. सोमाचा धाकटा भाऊ खाली पडला, तो पुन्हा उठला नाही.

विश्वंभर भेटायला गेले, तेव्हा सोमा म्हणाला, “बुवा, तुमच्या काढ्यानं शेकडो माणसं उठतात. माझा भाऊ त्यांच्यासाठी गेला, असं मी मनाला सांगतो.”

वैद्यांना त्या शब्दांनी धीर आला.

इकडे साथ भरात होती आणि साल संपत आली होती. उरलेला काढा पुढच्या पडवीतल्या रोग्यांनाच पुरला. मागच्या गोठ्यात ठेवलेल्यांच्या वाट्याला फक्त चंद्राबाईंची पेज आली. चंद्राबाई आश्रमाचा स्वयंपाक सांभाळायच्या. पातळ पेजेत मीठ आणि गुळाचा खडा घालून त्या एकेका रोग्याला घोट घोट पाजायच्या. ओकला तर थोडं थांबायच्या आणि पुन्हा पाजायच्या.

आठ दिवसांनी त्या वैद्यांसमोर येऊन उभ्या राहिल्या. “वैद्यबुवा, एक बोलू? रागावणार नाही ना?”

“बोला.”

“गोठ्यातली माणसं उठून बसली. पडवीतल्यांच्या आधी.”

“त्यांचं दुखणं हलकं असेल, चंद्राबाई.”

“असेलही. मला अडाणी बाईला काय कळतंय? पण तुम्हांला तरी कळायला हवं ना?”

विश्वंभरांना राग आला, पण तो चंद्राबाईंवर टिकेना. आजोबांनी सांगितलं म्हणून वडिलांनी काढा दिला होता, वडिलांनी दिला म्हणून त्यांनी दिला होता. रोगी बरा झाला की श्रेय काढ्याला जायचं आणि दगावला की बोल नशिबाला. काढ्याशिवाय काय झालं असतं, हे तीन पिढ्यांत कुणी पाहिलंच नव्हतं.

दोन दिवसांनी सोमा नवी साल घेऊन आला. तेव्हा वैद्यांनी दारात एक मडकं ठेवलं. त्यात निम्मे खडे पांढरे, निम्मे काळे. येणाऱ्या प्रत्येक रोग्यानं न बघता एक खडा काढायचा. पांढरा निघाला तर पेज आणि काढा, काळा निघाला तर नुसती पेज.

सोमा संतापला. “ज्या सालीसाठी माझा भाऊ गेला, ती असताना द्यायची नाही? आणि हा खड्यांचा खेळ कशाला? कुणाला काय द्यायचं ते तुम्हीच ठरवा की!”

“मी ठरवलं तर माझंच मन मला फसवेल,” विश्वंभर म्हणाले. “बरा होईलसा वाटणारा रोगी मी नकळत काढ्याकडे पाठवीन. काढा खरा असेल, तर सोमा, मी तो जन्मभर देईन. पण खोटा असेल, तर तुझ्या दुसऱ्या भावाला मी कड्यावर कोणत्या तोंडानं पाठवू?”

साथ ओसरेपर्यंत ऐंशी रोगी आले, चाळीस एकीकडे आणि चाळीस दुसरीकडे. नुसत्या पेजेवरचे तीन दगावले. काढा घेतलेले अकरा दगावले. त्या कडू काढ्यानं पोट ढवळायचं आणि पोटात गेलेली पेजही बाहेर पडायची.

विश्वंभर आधी सोमाच्या दारात गेले आणि त्यांनी सगळं सांगितलं.

सोमा उंबऱ्यावर बसला. मग म्हणाला, “म्हणजे माझा भाऊ फुकट गेला.”

“हो. आणि तो दोष माझा आहे.”

सोमा उठून घरात गेला.

दुसऱ्या दिवशी विश्वंभरांनी भर दरबारात पगडी उतरवून राजापुढे ठेवली आणि काय पाहिलं ते सांगितलं. प्रधान म्हणाले, “वैद्यराज, हे चार भिंतींतच राहू द्या. लोकांचा वैद्यांवरचा विश्वास उडेल.”

तेवढ्यात मागून आवाज आला, “माझा नाही उडाला.” तो सोमा होता. “महाराज, मी कड्याचे दोर जाळून आलोय. यांनी तोंड मिटलं असतं, तर मला कधीच काही कळलं नसतं. उद्या मी आजारी पडलो, तर मी याच माणसाकडे येईन.”

राजानं विचारलं, “वैद्यराज, मग आता करायचं काय?”

“डबक्यांचं पाणी उकळून प्यायचं, महाराज. आणि साथ आली की रोग्याला झोळीतून वणवण न हिंडवता घरीच ताबडतोब मीठ-गुळाची पेज सुरू करायची. ती कशी करायची ते चंद्राबाई शिकवतील. त्यांचं मला आधी पटलं नव्हतं.”

राजानं पगडी परत विश्वंभरांच्या डोक्यावर ठेवली आणि गावोगाव दवंडी पिटवली. चंद्राबाईंनी चुलीपाशी बसून बायांना आणि पुरुषांनाही पेज करायला शिकवलं. पुढच्या उन्हाळ्यात साथ आली, पण दगावणारे बोटांवर मोजण्याइतके निघाले. त्यानंतर कुणी नवं चूर्ण घेऊन राज्यात आला की लोक त्याला आदरानं बसवत, पाणी देत आणि मग विचारत, “पारखून पाहिलंय का?”

तात्पर्य : जो आपलं औषधही पारखून पाहतो आणि चुकलं तर चुकलं म्हणतो, त्याच्याच हाताला गुण असतो.