पोळ्यातली लढाई

फार पूर्वी, सकाळी दव वाळायच्या वेळी, आंब्यावरच्या पोळ्यात मधमाश्यांच्या दोन गटांची जुंपली. नाचून फुलांची वाट सांगणाऱ्या साऱ्या माश्यांना लढायला लावलं; त्या मेल्या. पुढे तह झाला, तरी पोळं रिकामंच राहिलं.

"लढाई संपली, मग मध का नाही?" तरुण रेवाने विचारलं.

"वाट कोण सांगणार गं? नाच शिकवणाऱ्याच गेल्या," म्हातारी माशी म्हणाली.

"मग मी शोधते. येईल तशी नाचेन, हसा खुशाल!"

नदीपलीकडे रेवाला भोपळ्याचे वेल सापडले. फुलं भरपूर, फळ एकही नाही.

"आता उगवलात होय?" तिथली खार कडाडली. "भांडलात तुम्ही, फुलांवर कोणी आलं नाही नि फळ धरलं नाही; उपाशी मेली माझी पिल्लं!"

रेवा परतून वेडीवाकडी नाचली. चौघी तिच्यामागे निघाल्या.

खारीच्या पिल्लांबद्दल मात्र दोन्ही गटांतलं कोणीही अजून बोललेलं नाही.