देवकीच्या गालावरचा डाग

"आता ओळखा अण्णा, यातली तुमची देवकी कुठली आणि माझी कुठली?"

जयवंतनं दोन्ही तैलचित्रं शेजारी शेजारी टेकवली आणि हाताची घडी घालून उभा राहिला.

अण्णा चितारी कोल्हापुरातले जुने चित्रकार. वसुदेव बाळाला घेऊन निघून गेलाय आणि तुरुंगात देवकी रिकामे हात मांडीवर ठेवून रडत बसलीय, असं त्यांचं एक चित्र होतं. शिकायला येणाऱ्यानं आधी त्याची नक्कल करायची, हा तिथला शिरस्ता. ती साधली की मगच स्वतःचं चित्र काढायची मुभा मिळे. त्या परवानगीसाठी जयवंत कासावीस झाला होता. हाताला गुण होता पोराच्या, यात वाद नाही. पण तो आहे हे त्याला जरा जास्तच ठाऊक होतं.

दुसरा नियम त्याहून कडक. चित्र ओलं असेतो दार बंद. धूळ बसते, असं अण्णा म्हणायचे.

मोतीबिंदूनं अण्णांची नजर अधू झाली होती. ते चाचपडत पुढे आले. एका देवकीच्या डाव्या गालावरून हलकेच बोट फिरवलं. मग दुसरीच्या. पुन्हा पहिलीच्या...

दोन्हीकडे बोटाला ओला रंग लागला.

जयवंतला हसू आवरेना. खुद्द गुरूला ओळखू येईना! याहून मोठी शाबासकी कुठली?

"तुझी ओली असणारच," अण्णा म्हणाले. "माझी कशानं ओली झाली?"

"तेच सांगणार होतो." जयवंत खुलला. "तुमच्या देवकीच्या डोळ्याखालचा रंग फिसकटला होता. रोज सकाळी तुम्ही त्यावरून हात फिरवायचात. मला वाटलं, तो डाग तुम्हाला खुपतोय, नजरेमुळं नीट करता येत नाही. म्हणून खरवडून काढला आणि गाल नवा करून टाकला. गुरुदक्षिणा समजा."

अण्णा स्टुलावर बसले. बोटाला लागलेला रंग बराच वेळ डोळ्यांजवळ धरून बघत राहिले.

"आमची ठकू..."

जयवंतला काही कळेना. अण्णांना लेक होती, हेच त्याला माहीत नव्हतं.

"एवढीशी होती. मी ब्रश धुवायला गेलो, दार उघडं राहिलं. आत आली, देवकीच्या डोळ्यांत पाणी बघितलं आणि बोटानं पुसलं. मला म्हणाली, 'बाबा, ही बाई रडत होती.'"

"अण्णा..."

"म्हटलं, सवडीनं नीट करू. त्याच आठवड्यात तापानं गेली. मग हात धजला नाही."

 जयवंत मटकन खाली बसला आणि लहान पोरासारखा रडायला लागला.

"मी परत काढतो तो डाग. मला पाठ आहे अण्णा. हुबेहूब काढतो!"

"काढशील. पण तो तुझा असेल."

 जयवंतनं आपले ब्रश गोळा केले, अण्णांच्या पायांवर डोकं ठेवलं. "जातो मी. तुम्हाला तोंड दाखवायची लायकी नाही माझी."

अण्णा उठून भिंतीच्या कडेनं चाचपडत गेले, कोपऱ्यातला कोरा कॅनव्हास ओढून काढला आणि घोडीवर चढवला.

"बस. तुझी देवकी काढ."

जिच्यासाठी जीव टाकला होता ती परवानगी मिळाली होती, आणि जयवंतला ती घेववत नव्हती. तरी तो बसला. डोळे पुशीत रंग कालवले. दुपार कलेपर्यंत चेहऱ्यावर पहिला हात मारून झाला.

बाहेर गल्लीतली पोरं खेळत होती. सवयीनं जयवंत दार लावायला उठला.

"धूळ बसेल, अण्णा."

अण्णांचं तोंड दाराकडे होतं.

"बसू दे. दार लावलं नाही, की ठकू येईलसं वाटून सारखं तिकडंच लक्ष जायचं माझं, म्हणून लावत होतो... रंग ओला आहे तोवर उघडं असू दे."