एकाच बाकावरच्या दोघी

घोरबांड सरांच्या क्लासमधली सानिका वैद्यकीय प्रवेशपरीक्षेत जिल्ह्यात पहिली आली. सत्काराला हॉल गच्च भरला. सर माइकवर गरजले, "हे यश माझ्या शिकवण्याचं!" मग त्यांची नजर मागे बसलेल्या दामिनीवर गेली. "आणि ही आमची दामिनी. दुसऱ्यांदा नापास! पोरीला डोकंच नाही, त्याला मी काय करणार?"

दामिनी डोळे पुसत उठली. "सर, आम्ही दोघी वर्षभर एकाच बाकावर बसलो. तुम्ही काय फक्त तिच्याच बाजूला शिकवत होतात?"

हॉलमध्ये एकच हशा पिकला. सरांनी घाईघाईनं माइक खाली ठेवला.

दामिनीला मात्र हसू आलं नाही. ती बाहेर आली, तर आई ताटकळत उभी होती. तिनं हळूच विचारलं, "आता पुढं काय गं?"