राब भाजताना

"उपाशी ठेवलं, मग जाळलं. तरी तो उरला कसा, बुवा?"

सोनबुवांनी काठीने जळता पाला सारखा केला. नाचणीचं रोप टाकण्याआधी मठामागचा राबाचा तुकडा ते असा भाजून घेत. तणाचं बी मरावं म्हणून. तरी पाऊस पडला की थोडं तण उगवायचंच. धूर सावकाश खाडीकडे उतरत होता आणि पलीकडचा डोंगर पाण्यात असल्यासारखा हलत होता.

"कोण उरला?"

"तुमच्या प्रोस्टेटमधला कॅन्सर."

मुकुंद आठल्ये बुवांचा जुना शिष्य. शहरात किरणोपचाराचा मोठा डॉक्टर झाला, आणि बुवांवर उपचार त्यानेच केले.

"पुरुषी हार्मोनवर तो पोसतो. इंजेक्शनं देऊन त्याचं अन्न तोडलं. रक्तातला त्याचा आकडा शून्याला टेकला. मग किरण दिले. आता आकडा पुन्हा चढतोय."

"शून्याला टेकला तेव्हा पेढे तूच वाटलेस."

"...हो."

"बरे होते."

मुकुंदाला हसू आलं नाही. "पुष्कळांना याच वाटेने गुण येतो, बुवा. पण काही पेशी उपासाने मरत नसाव्यात. नुसत्या वाढायच्या थांबतात. आणि किरणांचा घाव बसतो तो जास्त करून वाढणाऱ्यावर..."

"मग?"

"मग काय. पुन्हा किरण देऊ, जास्त जोराचे. परवा गाडी पाठवतो. माझ्या हातून एकदा निसटला, दुसऱ्यांदा सुटायचा नाही."

बुवांनी काठी खाली ठेवली. खांद्यावरचं उपरणं उशाला घेऊन बांधावर आडवे झाले.

वारा फिरला. धूर बांधावर आला, बुवांवरून गेला, विरला. त्यांच्या भुवयांवर राख बसली होती. छाती हलत नव्हती.

"बुवा..."

पाला तडतडत होता.

"बुवा, ऐकताय ना?"

मुकुंद खाली बसला. मनगटाकडे हात गेला, पण रोज नाड्या पाहणारी ती बोटं मध्येच थांबली. टेकवली तर कळणार होतं. त्याला कळून घ्यायचं नव्हतं.

किती वेळ गेला कोण जाणे. खाडीवर एक पक्षी ओरडला.

बुवांनी डोळे उघडले. भुवईवरची राख बोटाने पुसली.

मुकुंदाने हात मागे घेतला. "मला वाटलं, तुम्ही..."

बुवांनी विझत आलेल्या राबाकडे मान वळवली.

"दर वर्षी या आगीलाही तसंच वाटतं, मुकुंदा."